कीक्लोकची थीम ‘लागत नाही’ तेव्हा कुठून तपासायचं

“सर, थीम टाकली, पण पेज तसंच दिसतंय.” हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानावर पडतं. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट असतो आणि त्यात कीक्लोकचं जसंच्या तसं मूळचं लॉगिन पेज. कीक्लोक म्हणजे संस्थेच्या सगळ्या अ‍ॅप्सचं लॉगिन एका ठिकाणी सांभाळणारा सर्व्हर, आणि थीम म्हणजे त्याच्या पेजचं रंगरूप आणि मजकूर ठरवणाऱ्या फाइलींचा संच. गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या संस्थांची लॉगिन पेजं त्यांच्या रंगात, त्यांच्या लोगोसकट आणि बऱ्याचदा मराठीत करून देतो. माझ्यापर्यंत फोन येईस्तोवर समोरच्याने निदान अर्धा दिवस सीएसएसशी (पेजचे रंग-आकार ठरवणाऱ्या फाइलशी) कुस्ती खेळलेली असते. दोष मात्र सीएसएसमध्ये क्वचितच निघतो. सर्व्हर ती फाइल वाचतच नसतो, नाहीतर वाचतो ती भलतीच प्रत असते.

म्हणून आपली फाइल वाचली जातेय हे दिसल्याशिवाय डिझाइनला हात लावायचा नाही. ते दिसण्यापुरता एकच बदल करा: सीएसएसच्या शेवटी बॉडीला भडक केशरी पार्श्वभूमी द्या, ‘इम्पॉर्टंट’ लावून. पेज केशरी झालं तर दोष तुमच्या डिझाइनमध्ये. नाही झालं तर पुढे वाचा.

खालचं सगळं क्वार्कस या जावाच्या पायावर चालणाऱ्या कीक्लोकचं आहे, म्हणजे आवृत्ती १७ आणि पुढची. त्याआधीच्या वाइल्डफ्लायवाल्या सर्व्हरवर कारणं बहुतेक हीच निघतात, कमांड वेगळ्या.

आधी लक्षणं

आपलं दुखणं यातलं कोणतं ते ठरवा, निम्मा वेळ वाचतो.

- थीमचं नाव निवडीच्या यादीत येतच नाही.
- नाव येतं, निवडलं, सेव्ह केलं, पेज मात्र मूळचंच.
- काहींना नवं दिसतं, काहींना जुनं. किंवा एकाच माणसाला रिफ्रेशगणिक वेगळं.
- पेज उघडं-बोडकं येतं: पांढऱ्या पानावर निळ्या लिंका आणि लांबलचक रकाने.
- रंगरूप ठीक, पण मराठीऐवजी इंग्रजी, किंवा मजकुरात मध्येच महिरपी कंसातला शून्य.
- अपग्रेडनंतर ‘वी आर सॉरी’ आणि इंटर्नल सर्व्हर एरर.

पत्त्याच्या पट्टीकडे बघा

फुकटची तपासणी, आणि निम्म्या केसेस इथेच मिटतात. लॉगिन पेजच्या पत्त्यात ‘रेल्म्स’ या शब्दापुढे रेल्मचं नाव असतं. रेल्म म्हणजे वापरणारे आणि त्यांची अ‍ॅप्स यांचा कीक्लोकमधला स्वतंत्र गट. तिथे ‘मास्टर’ दिसत असेल तर तुम्ही अ‍ॅडमिन कन्सोलचं दार वाजवताय. थीम लावली तुमच्या रेल्मला आणि तपासताय मास्टरच्या पेजवर, मग दिसणार कशी? ही चूक नवखेच करतात असं नाही. मीही एकदा पाऊण तास केली आहे, आणि शेजारी गिऱ्हाइकाचा माणूस बसला होता.

रेल्म बरोबर असेल तर क्लायंटकडे, म्हणजे कीक्लोकमधल्या त्या अ‍ॅपच्या नोंदीकडे वळा. रेल्म सेटिंग्जमधल्या थीम्स टॅबवर लॉगिन थीम निवडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रत्येक क्लायंटच्या सेटिंग्जमध्येही लॉगिन थीमची स्वतंत्र निवड असते आणि ती रेल्मच्या निवडीवर मात करते. आधीच्या कोणीतरी चाचणीसाठी तिथे काहीतरी निवडून ठेवलेलं असतं आणि माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. एका अ‍ॅपमधून नवं पेज आणि दुसऱ्यातून जुनं दिसत असेल, तर दुसरीकडे शोधूच नका.

आणखी एक: लॉगिन, अकाउंट, अ‍ॅडमिन, ईमेल हे थीमचे वेगवेगळे प्रकार आहेत. लॉगिन थीम बदलली म्हणून पासवर्ड रिसेटच्या मेलवरचा लोगो बदलत नाही.

इन्कॉग्निटो

खासगी खिडकीत पेज उघडा. तिथे नवं दिसलं तर दोष ब्राउझरच्या कॅशचा.

एका संस्थेत लोगो बदलला. सगळ्यांना नवा दिसत होता, फक्त अध्यक्षांच्या लॅपटॉपवर जुना. साहेबांनाच जुना दिसतोय म्हटल्यावर संपूर्ण ऑफिस हातातलं काम टाकून लॉगिन पेजच्या मागे. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला, थीम तीनदा नव्याने टाकली. सर्व्हर बिचारा पहिल्यापासून बरोबर होता.

घडतं असं. कीक्लोक थीममधल्या सीएसएस, चित्रं अशा फाइली देताना ब्राउझरला सांगतो की ही प्रत २५,९२,००० सेकंद जपून ठेव. म्हणजे तीस दिवस. या फाइलींच्या पत्त्यात एक छोटा टॅग असतो, पण तो तुम्ही सीएसएस बदललं म्हणून बदलत नाही. पत्ता तोच, त्यामुळे ब्राउझर सर्व्हरला विचारायलाही जात नाही. साहेबांनी आदल्याच आठवड्यात लॉगिन केलं होतं, त्यांच्याकडे जुनी प्रत ताजी होती.

प्रत्येकाला कॅश साफ करायला सांगणं हा उपाय नव्हे. दोन हजार लोकांना कुठे सांगत बसणार? फाइलचं नाव बदला. मी सीएसएस आणि लोगो दोन्हींच्या नावात तारीखच घालतो आणि थीमच्या सेटिंगमध्ये नवं नाव लिहितो. नवं नाव म्हणजे नवा पत्ता, आणि ब्राउझरला ती फाइल आणावीच लागते.

फोल्डर, आणि एका ‘स’चा घोळ

नाव यादीत येत नसेल तर इथे थांबा. सर्व्हरवर फोल्डर ठेवून थीम देताना ते ‘थीम्स’ या अनेकवचनी फोल्डरात जातं. त्यात तुमच्या थीमचं नाव, त्यात ‘लॉगिन’, आणि त्यात ‘थीम डॉट प्रॉपर्टीज’ ही सेटिंगची फाइल. हीच थीम जार फाइल (जावाचं एकत्र बांधलेलं गाठोडं) करून देताना मात्र आतलं फोल्डर ‘थीम’ असं एकवचनी लागतं, आणि ‘मेटा-इन्फ’ फोल्डरात थीमची नावं आणि प्रकार नोंदवणारी जेसन फाइल लागते. जार ‘प्रोव्हायडर्स’मध्ये जाते. सर्व्हर ‘ऑप्टिमाइज्ड’ पर्यायाने सुरू होत असेल तर नंतर बिल्ड कमांडही चालवावी लागते. या एका ‘स’ने किती जणांची रात्र खाल्ली असेल ते देव जाणे.

लॅपटॉपवर चालतं पण सर्व्हरवर नाही? लॅपटॉप विंडोज, सर्व्हर लिनक्स. फोल्डरच्या नावातलं कॅपिटल अक्षर विंडोजला चालून जातं, लिनक्सला ते वेगळं नाव. कीक्लोक डॉकरच्या कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या बंदिस्त डब्यात) चालत असेल तर बाहेरून अंदाज करू नका. कंटेनरच्या आत शिरून ‘ऑप्ट’मधल्या कीक्लोकच्या थीम्स फोल्डरची यादी काढा. बाहेरचा पाथ चुकला की डॉकर तक्रार न करता रिकामं फोल्डर जोडून मोकळा होतो. फाइली दिसत असतील तर वाचायची परवानगी बघा, कारण आतली प्रक्रिया रूट म्हणून चालत नाही.

निवडलेली थीम सापडली नाही तर कीक्लोक लॉगिन बंद पाडत नाही. लॉगमध्ये थीम सापडली नाही, अंगभूत वापरतो, अशा अर्थाची एक एररची ओळ टाकतो आणि मूळचं पेज दाखवतो. ‘निवडली पण मूळचंच दिसतं’ या लक्षणाला ही ओळ सापडली की निदान झालं. हा स्वभाव लक्षात ठेवा, शेवटी त्याचाच उपयोग होणार आहे.

थीम डॉट प्रॉपर्टीज

इथे दोन ओळी महत्त्वाच्या. ‘पेरेंट’ म्हणजे कुणाची थीम वारशाने घ्यायची, आणि ‘स्टाइल्स’ म्हणजे कोणत्या सीएसएस फाइली लावायच्या.

तुमची ‘स्टाइल्स’ ओळ पेरेंटच्या ओळीत भर घालत नाही, तिची जागा घेते. तिथे फक्त स्वतःची फाइल लिहिलीत की मूळची फाइल गळते आणि पेज निम्मं उघडं पडतं. पेरेंटची फाइल आधी, मध्ये स्पेस, मग आपली. जुन्या ‘कीक्लोक’ थीमची ती ‘सीएसएस’ फोल्डरातली ‘लॉगिन’, नव्या ‘व्ही-टू’ची ‘स्टाइल्स’. आपल्या फाइलला नेमकं हेच नाव देऊ नका. दिलंत तर पेरेंटची फाइल आपोआप झाकली जाते आणि तुम्ही शोधत बसता की बटणाचा आकार कुठे गेला.

आणखी एक भूत. फाइल जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की सुरुवातीला एक अदृश्य खूण चिकटते. जावा ती खूण पहिल्या शब्दाचाच भाग समजतो. पहिल्या ओळीत ‘पेरेंट’ असेल तर कीक्लोकला तो शब्द ओळखूच येत नाही आणि थीम पोरकी होते. डोळ्यांना सगळं बरोबर दिसतं म्हणून हे सापडायला फार वेळ लागतो. खूण न लावता सेव्ह करा. मी तरीही पहिली ओळ कायम कमेंटची ठेवतो.

सर्व्हरची कॅश

डेव्हलपमेंट मोडमध्ये थीमची कॅश बंद असते, म्हणून तिथे फाइल बदलली की लगेच दिसतं. प्रत्यक्ष वापरातल्या मोडमध्ये थीम आणि टेम्प्लेट (पेजचा साचा) दोन्ही कॅश होतात. तिथे रीस्टार्ट हाच सरळ मार्ग. रीस्टार्टनंतरही जुनंच आलं तर ‘डेटा’ फोल्डरातल्या ‘टेम्प’मध्ये जीझिप कॅशचं फोल्डर असतं. सर्व्हर थांबवून ते उडवा. तात्पुरत्या प्रती आहेत, पुन्हा तयार होतात. कॅश कायमची बंद करायचे पर्यायही आहेत, पण ते कामाच्या मशीनपुरते. चालत्या सर्व्हरवर बंद ठेवलीत तर प्रत्येक लॉगिनला टेम्प्लेट नव्याने वाचलं जातं.

रिफ्रेशगणिक पेज बदलतंय? तुमच्याकडे दोन-तीन नोड, म्हणजे एकत्र चालणारे सर्व्हर आहेत आणि थीम एकावरच टाकली आहे. अशा ठिकाणी मी फोल्डर पद्धत सोडून देतो आणि थीमची जार डॉकर इमेजमध्येच बांधतो.

मजकूर आणि मराठी

इथे जरा रेंगाळतो, कारण मराठीत याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

नुसती दोन-चार वाक्यं बदलायची असतील तर थीमची गरजच नाही. रेल्म सेटिंग्जच्या लोकलायझेशन टॅबवर त्या त्या संदेशाचा मजकूर बदलता येतो. पण तिथला मजकूर थीमच्या मेसेज फाइलवर मात करतो. ‘फाइल बदलली, रीस्टार्ट केलं, वाक्य जुनंच’ असं झालं की आधी हा टॅब उघडा.

पूर्ण मराठी करायची तर मेसेज फोल्डरात मराठीच्या कोडची फाइल हवी, थीमच्या ‘लोकेल्स’ ओळीत इंग्रजीसोबत मराठी हवी आणि रेल्ममध्ये ती भाषा चालू हवी. तिन्ही जमल्यावर पुढची तक्रार ठरलेली: “डिफॉल्ट मराठी ठेवलं, तरी इंग्रजीच येतं.” हा दोष नाही. भाषा ठरवताना कीक्लोक आधी वापरणाऱ्याने स्वतः निवडलेली भाषा बघतो, मग त्याच्या प्रोफाइलमधली, मग अ‍ॅपने मागितलेली, मग कुकीतली, मग ब्राउझरची, आणि शेवटी रेल्मचं डिफॉल्ट. आपल्याकडे बहुतेकांचा ब्राउझर इंग्रजीत असतो, त्यामुळे गाडी डिफॉल्टपर्यंत पोचतच नाही. अ‍ॅपवाल्याला सांगा की लॉगिनला पाठवतानाच मराठी माग. त्यासाठीचा ‘यूआय लोकेल्स’ हा पॅरामीटर ओपन-आयडी कनेक्टमध्येच आहे.

आता तो महिरपी कंसातला शून्य. ईमेल तपासणीच्या संदेशात तो जिथे असतो तिथे माणसाचा ईमेल पत्ता बसतो. एका ठिकाणी भाषांतर करणाऱ्या बाईंनी मराठी रीतीप्रमाणे त्याला एकेरी अवतरणात घातलं. वाक्य देखणं झालं, पण पेजवर पत्त्याच्या जागी तो कंस आणि शून्य जसेच्या तसे. जावाच्या संदेश-पद्धतीत साध्या एकेरी अवतरणाचा अर्थ ‘आतलं जसंच्या तसं ठेव’ असा होतो, आणि अवतरणचिन्हं स्वतः गायब होतात. ‘पुढे’ हे बटण दाबा, असं लिहिलं तरी पेजवर ‘पुढे’ची चिन्हं दिसत नाहीत. ती हवीच असतील तर प्रत्येक चिन्ह दोनदा लिहा किंवा छापील वळणाची वाकडी अवतरणचिन्हं वापरा, त्यांना जावा हात लावत नाही.

अक्षरांची खिचडी दिसत असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये नाही. पहिल्या ओळीत एन्कोडिंगची कमेंट टाका, हा जुना सल्ला नेटवर अजून फिरतो. नव्या आवृत्त्या ती कमेंट मानत नाहीत.

आणि शिरोरेषा. जुन्या ‘कीक्लोक’ थीममध्ये वरच्या रेल्मच्या नावाला सगळी अक्षरं कॅपिटल आणि दोन अक्षरांत तीन पिक्सेल अंतर असं सीएसएस आहे. इंग्रजीत ते रुबाबदार दिसतं. मराठी नाव टाकलं की कॅपिटलचा काही परिणाम होत नाही, पण शिरोरेषा तुटते आणि संस्थेचं नाव विस्कटलेल्या तोरणासारखं लटकतं. अक्षरांमधलं अंतर शून्य करा. बटणाची ठरावीक उंची काढून ओळीची उंची दीडपट द्या, म्हणजे वेलांट्या आणि रफार वरून कापले जाणार नाहीत.

प्रॉक्सी

पेज उघडं-बोडकं येत असेल आणि ‘स्टाइल्स’ ओळ बरोबर असेल तर ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडून नेटवर्क टॅब बघा. सीएसएस फाइलींपुढे ४०४ (सापडली नाही) असेल तर पुढच्या प्रॉक्सीने, म्हणजे कीक्लोकसमोर उभं राहून विनंत्या आत पोचवणाऱ्या सर्व्हरने, ‘रेल्म्स’चा रस्ता उघडला आहे आणि ‘रिसोर्सेस’चा विसरला आहे. लॉगिन पेज एका रस्त्याने येतं, त्याचे कपडे दुसऱ्या.

‘मिक्स्ड कंटेंट’ असा इशारा असेल तर पेज एचटीटीपीएसवर आहे आणि सीएसएसच्या लिंका साध्या एचटीटीपीच्या. आपण प्रॉक्सीमागे आहोत हे कीक्लोकला कळलेलं नाही. होस्टनेम आणि प्रॉक्सी हेडर ही दोन सेटिंग्ज तपासा. प्रॉक्सी दुसऱ्या टीमकडे असेल तर नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट जोडून त्यांना द्या. तोंडी सांगितलंत तर “आमच्याकडून सगळं ओके आहे” असंच उत्तर येतं.

टेम्प्लेट: इथे जपून

अपग्रेडनंतर पेजच मोडलं, तर बहुतेक वेळा कुणीतरी पूर्वी सगळी एफटीएल टेम्प्लेटं कॉपी करून ठेवलेली असतात. कीक्लोक पुढे जातो, कॉपी तिथेच राहते. टेम्प्लेट मागते ते व्हेरिएबल नव्या आवृत्तीत नसेल तर फ्रीमार्कर, म्हणजे ही टेम्प्लेटं चालवणारं इंजिन, थेट एरर देतो. लॉगमध्ये टेम्प्लेटचं नाव आणि ओळीचा क्रमांक दोन्ही मिळतात. नव्या आवृत्तीतलं मूळ टेम्प्लेट ‘लिब’खालच्या कीक्लोक-थीम्स नावाच्या जारमधून काढा, आपल्या प्रतीशेजारी ठेवा आणि फरक बघा. आपले बदल नव्या प्रतीत आणा. जुनी प्रत ठिगळं लावून चालवत बसू नका.

खरा धोका मोडलेल्या पेजचा नाही, कारण ते लगेच कळतं. लॉगिनच्या टेम्प्लेटमध्ये बटणाच्या वर क्रेडेन्शियल आयडीचा एक लपलेला रकाना असतो. क्रेडेन्शियल म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपीसारखा ओळखीचा पुरावा. डिझाइनवाल्याला तो बिनकामाचा वाटतो आणि तो उडवतो. एरवी सगळं सुरळीत चालतं. घोळ होतो तो एकाच माणसाकडे दोन-तीन क्रेडेन्शियल असतात आणि त्याने नेमकं कोणतं निवडलं ते सर्व्हरला कळवायचं असतं तेव्हा. मूळ टेम्प्लेटमध्ये लपलेलं काही दिसलं तर ते तिथेच राहू द्या.

२६ व्या आवृत्तीपासून लॉगिनची मूळ थीम ‘व्ही-टू’ झाली. तिच्यात सीएसएसच्या क्लासची नावं वेगळी आहेत. पेरेंट बदलून जुनंच सीएसएस ठेवलं तर फाइल वाचली जाते, पण निम्मे नियम हवेत तलवार फिरवतात. असं दिसलं की आपल्या सीएसएसमधली नावं एकेक करून तपासा, दुसरा उपाय नाही.

इथे हात थांबवा

लॉगिन सगळ्यांचंच बंद असेल तर शोधाशोध नंतर. आधी रेल्मची थीम मूळची करा. मास्टर रेल्मलाच मोडकी थीम लावल्यामुळे अ‍ॅडमिनमध्येही शिरता येत नसेल तर थीमचं फोल्डर किंवा जार बाजूला काढून सर्व्हर रीस्टार्ट करा, जार असेल तर गरजेप्रमाणे बिल्डही. थीम सापडली नाही की कीक्लोक अंगभूत पेज दाखवतो, तोच हा स्वभाव. कमांड-लाइनचं अ‍ॅडमिन साधन चालत असेल तर पेजशिवायही रेल्मची थीम बदलता येते. थीमचं नाव बदलायला थेट डेटाबेसमध्ये शिरू नका.

ओटीपी, पासकी किंवा नोंदणीच्या पायऱ्यांची टेम्प्लेटं बदलायची असतील, लॉगिन पेजवर बाहेरची जावास्क्रिप्ट टाकायची मागणी असेल, किंवा अकाउंट आणि अ‍ॅडमिन कन्सोलचं रूप बदलायचं असेल, तर जाणकाराला बोलवा. कन्सोल रिअ‍ॅक्टमध्ये आहेत, तिथे एफटीएलची युक्ती चालत नाही. आणि बाहेरची स्क्रिप्ट म्हणजे पासवर्ड टाइप होताना खांद्यामागे उभा केलेला तिऱ्हाईत. मार्केटिंगने कितीही आग्रह केला तरी ती मी स्वतः कधी टाकत नाही.

बोलावण्याआधी एवढं हाताशी ठेवा: कीक्लोकची नेमकी आवृत्ती, आधीची आवृत्ती, थीमची जार किंवा फोल्डर, सर्व्हर सुरू करायची कमांड, एररच्या आसपासच्या पन्नासेक ओळींचा लॉग आणि नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट. अ‍ॅडमिनचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. मला पाठवतात, म्हणून सांगतोय.